जवळचा विमानतळ? आधी वार सांगा

वाशिमचा सर्वांत जवळचा विमानतळ कोणता, हा प्रश्न स्पर्धा परीक्षेत आला तर पोरांनी खुशाल सोडून द्यावा. निगेटिव्ह मार्किंग असेल तर नक्कीच. नकाशावर पट्टी ठेवली तर उत्तर येतं अकोला. शिवणीची धावपट्टी वाशिमपासून सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आसपास. तिथून वेळापत्रकाचं प्रवासी विमान सुटत नाही, एवढीच काय ती उणीव. दुसरं उत्तर नांदेड, तिसरं अमरावतीचं बेलोरा. दोन्ही हवेतून १०० किलोमीटरच्या आसपास, जणू कुणाला वाईट वाटू नये म्हणून गाव मोजून मधोमध ठेवलंय. चौथं उत्तर यवतमाळ. तेही साधारण तेवढंच, आणि तिथेही धावपट्टी आहे, विमान नाही.

म्हणजे तीन दिशांना चार धावपट्ट्या आणि आपण मध्ये. मेदूवडा ताटात आला, पण आपल्या वाट्याला त्याचं भोक आलं, असा हा प्रकार.

आता दोन विमानतळांमधलं अंतर. मोबाइलला विचारलं की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगतो. अकोला ते अमरावती, शिवणी ते बेलोरा, सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर, विमानाला आठ-नऊ मिनिटं. बेलोरा ते नांदेड सुमारे १८५ किलोमीटर, चढण-उतरण धरून अर्धा तास. अकोला ते नांदेड सुमारे १७०. हिशेब चोख, दशांश चिन्हासकट. यातल्या एकाही रेषेवरून विमान जात नाही, हे मात्र तो सांगत नाही. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

बेलोरा-नांदेड ही रेषा काढून बघा. ती बरोबर आपल्या मानोरा तालुक्यावरून जाते. मानोऱ्याचा माणूस दोन विमानतळांच्या रेषेवर तुरीच्या धुऱ्यावर उभा आहे, वर स्वच्छ निळं आभाळ आहे आणि त्या आभाळातून तिकीट काढून जायची सोय नाही. अमरावतीहून नांदेडला विमानानंच जायचा कुणी हट्ट धरला, तर आधी त्यानं मुंबई गाठावी, मग तिथून नांदेडकडे तोंड करावं. १८५ किलोमीटरसाठी हजारापेक्षा जास्त किलोमीटर हवेत आणि वर मुंबईतला मुक्काम. त्यापेक्षा काळी-पिवळी बरी. निदान ती भरली की सुटते.

जमिनीवरचं अंतर वेगळं. वाशिमहून अकोला मालेगाव, मेडशी, पातूर करत ८० किलोमीटर. नांदेड हिंगोलीमार्गे १३०-१३५. अमरावती मंगरूळपीर, कारंजा करत त्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे. अकोला ते नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१ आपल्या गावातूनच जातो. अकोला-पूर्णा रेल्वेही आपल्याच गावातून जाते, ब्रॉडगेज होऊन २००८ पासून. दोन विमानतळांची शहरं जोडणारा रस्ताही आपल्या दारातून आणि रूळही आपल्या दारातून. विमान तेवढं राहिलं. ते दारातून जात नसतं म्हणा.

अकोल्याच्या शिवणीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ही धावपट्टी इंग्रजांच्या काळातली, १९४३ सालची. दुसरं महायुद्ध चालू होतं, तेव्हा बांधली. महायुद्ध संपलं, इंग्रज गेले, मुंबई राज्य झालं, महाराष्ट्र झाला, अकोला जिल्ह्यातून १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा निघाला. धावपट्टी आहे तिथेच आहे आणि आहे तेवढीच राहिली आहे. मोठी करायची तर शेजारी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन लागते. त्या जमिनीच्या बातम्या आम्ही लहानपणापासून वाचतो. सर्वेक्षण होणार, मोजणी होणार, प्रस्ताव गेला, प्रस्ताव आला, त्रुटी निघाल्या, नवीन प्रस्ताव गेला. विद्यापीठानं एवढ्या काळात ज्वारी-सोयाबीनचे किती वाण काढले असतील. विमानतळाच्या बाजूनं मात्र एकच पीक, आश्वासनाचं, तेही दर निवडणुकीच्या हंगामात.

यावर कुणी म्हणेल की सरकारी काम, वेळ लागतोच. तर त्याला सांगावं, अकोला-अमरावती रस्ता बघून ये. राष्ट्रीय महामार्ग ५३ चा हा तुकडा वर्षानुवर्षं असा होता की अमरावतीला दवाखान्यात निघालेला माणूस वाटेत आणखी दोन दुखणी घेऊन पोचायचा. आणि मग जून २०२२ मध्ये चमत्कार झाला. लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर लांबीचा एका लेनचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झाला. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, तिकडच्यांना पंचवीस किलोमीटरला दहा दिवस लागले होते. तेलाच्या विहिरी असलेल्यांना वऱ्हाडानं डांबरात हरवलं! आम्ही पेढे वाटले असते, पण रस्ता एवढी वर्षं का रखडला होता याचं कोणत्या बुकात नाव गेलं, ते कळलं नाही.

पण हिशेब करून बघा. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर. त्या साडेचार दिवसांत जेवढं लांब डांबर पडलं, त्यात बेलोऱ्यासारख्या चाळीस धावपट्ट्या लांबीनं बसतात. (रुंदीचं कुणी काढू नये, सदर तिरकस आहे, निविदा नाही.) म्हणजे डांबर कमी नाही, रोलर कमी नाही, माणसं तर नाहीच नाही. १०५ तासांत ७५ किलोमीटर होतात आणि ऐंशी वर्षांत शिवणीचे वाढीव काही शे मीटर होत नाहीत. कागद ओला असतो की काय, त्यावर रोलर फिरत नाही.

बेलोऱ्याचं तरी झालं. १६ एप्रिल २०२५ ला मुंबईहून अलायन्स एअरचं ७२ आसनांचं एटीआर विमान उतरलं. पाण्याचा फवारा, पुष्पगुच्छ, भाषणं, सगळं झालं. मुंबई-अमरावती पावणेदोन तास. रात्रभर रेल्वेत अंग आंबवणाऱ्यांना खरंच सोय झाली, यात थट्टा नाही. अमरावतीकरांचा हेवा वाटला, तोही मनापासून. आमच्याकडे पाटणी चौकात चहाच्या टपरीवर त्याच संध्याकाळी ठराव झाला की आता वाशिमला विमानतळ जवळ आला. एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "कायचं इमान घेऊन बसले भाऊ तुमी, रिसोडची गाडी अजून लागली नाही."

तर विमान सुरू झालं आठवड्यातून तीन दिवस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मंगळवारी ज्याचं मुंबईला काम निघालं, त्यानं नागपूर गाठावं. वाशिमहून अडीचशे किलोमीटर. म्हणजे भूगोलात शिकवतात तसं अंतर हे काही स्थिर नसतं, ते वारावर ठरतं. सोमवारी आपण विमानतळापासून तीन तासांवर असतो, मंगळवारी चार-साडेचार तासांवर, बुधवारी परत तीन तासांवर येतो. जिल्हा असा मागंपुढं हलतो आणि कुणाला भूकंपाचा धक्का जाणवत नाही.

सुरुवातीच्या वेळापत्रकात हे विमान अमरावतीहून दुपार कलल्यावर सुटायचं आणि दिवेलागणीला मुंबईत पोचायचं. वाशिमच्या माणसाचं मुंबईत काम काय? समुद्र बघायला कुणी जात नाही. एक तर टाटा रुग्णालय, नाही तर मंत्रालय. मंत्रालयाचा माणूस शुक्रवारच्या विमानानं गेला, तर तो पोचेपर्यंत मंत्रालय बंद. फेब्रुवारी २०२० च्या शेवटापासून पाच दिवसांचा आठवडा, त्यामुळे शनिवार-रविवार बंद. सोमवारी सकाळी तो पहिल्या नंबरला दारात उभा. विमानानं वाचवलेले दहा तास त्यानं दादरच्या लॉजवर दोन दिवस बसून खर्च केले. यालाच बहुधा कनेक्टिव्हिटी म्हणतात.

आता एक साधा हिशेब करू, दोन भावांचा. दोघं वाशिमचे, दोघांना मुंबईला जायचंय, दोघं सोबत घरातून निघाले. थोरला विमानानं. बेलोऱ्यापर्यंत गाडीनं तीन तास. विमान चुकू नये म्हणून सव्वा-दीड तास आधी. तिथे बॅग तपासणी, त्यात डब्यातला ठेचा बाहेर काढून दाखवणं. हवेत पावणेदोन तास. मुंबईत उतरून बॅग यायला अर्धा तास, टॅक्सीला तास-सव्वा तास. बेरीज आठ तासांच्या घरात. धाकटा चारचाकीनं. मालेगावला समृद्धी महामार्गावर चढला. समृद्धी ७०१ किलोमीटर, त्यातले जवळपास १०० आपल्या वाशिम जिल्ह्यातून. ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून थेट भिवंडीच्या तोंडाशी. वेगमर्यादा १२०. वाटेत चहा, टोल, भिवंडीची कोंडी, सगळं धरून सात-आठ तास. दोघं भाऊ एकाच वेळी बहिणीच्या दारात. फरक इतकाच की धाकट्याच्या डिक्कीत तुरीच्या डाळीचं पोतं आहे आणि थोरल्याच्या हातात पाणी संपलेली बाटली.

गंमत बघा, विमान पावणेदोन तासांचंच आहे, त्यात खोट नाही. खोट आहे ती आठातून पावणेदोन वजा केल्यावर उरणाऱ्या सव्वासहा तासांत, आणि ते कोणत्याही वेळापत्रकात छापलेले नसतात. धावपट्टी ते धावपट्टी मोजणारे पुष्कळ. उंबरठा ते उंबरठा मोजायला कुणी बसत नाही, कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

तरी एक माणूस असा आला की ज्याला वाशिम अजिबात लांब पडलं नाही. ५ ऑक्टोबर २०२४. पंतप्रधान विमानानं नांदेडला उतरले आणि हेलिकॉप्टरनं थेट पोहरादेवीला. जगदंबेचं दर्शन, संत सेवालाल महाराजांच्या समाधीचं दर्शन, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन, मग जाहीर सभा. सभेत किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता सोडला. सुमारे २० हजार कोटी रुपये, देशभरातल्या साडेनऊ कोटींच्या आसपास शेतकऱ्यांच्या खात्यांत. बटण वाशिम जिल्ह्यात दाबलं आणि पैसा आसामपासून केरळपर्यंत क्षणात पोचला. पैशाचा प्रवास असा असावा! आमचे एक नातेवाईक ते दोन हजार काढायला सोमवारी तालुक्याला गेले. जायला एसटी, यायला एसटी, मध्ये बँकेत सर्व्हर डाऊन. पैसा क्षणात आला आणि माणसाला अख्खा दिवस लागला.

तर त्या दिवसापुरतं सरकारी उत्तर ठरलं: वाशिमचा जवळचा विमानतळ नांदेड. पुढचा प्रवास हेलिकॉप्टरनं करावा. हेलिपॅडचं आपल्याकडे काही अडत नाही. मैदान, चुना आणि रोलर मिळाला की रातोरात तयार. त्याला भूसंपादन नाही, पर्यावरण परवानगी नाही, विद्यापीठाची जमीन नाही. शिवणीचं काम हेलिपॅड म्हणून मंजूर केलं असतं तर कदाचित एका रात्रीत झालं असतं.

तसं जमिनीला न टेकता राहण्याची कला जिल्ह्याला नवी नाही. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती आहे. मूर्ती आधाराशिवाय अधांतरी आहे अशी श्रद्धा. पूर्वी खालून घोडेस्वार जाई असं सांगतात, आता कापड सरकवून दाखवतात. श्वेतांबर आणि दिगंबर वादात ते मंदिर चार दशकं कुलपात होतं, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये उघडलं. वर राहणं सोपं असतं, खालचे वाद मिटायला वेळ लागतो, हे आमच्या शिरपूरकरांना विमानवाल्यांच्या आधीपासून माहीत आहे.

आता नांदेडबद्दल. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी सिमल्याहून 'उडान' योजनेचं पहिलं विमान सोडलं, तेव्हा हवाई चप्पल घालणाराही हवाई जहाजात दिसावा असं ते म्हणाले होते. त्याच कार्यक्रमात दूरदृश्य पद्धतीनं नांदेड-हैदराबाद विमानाला झेंडा दाखवला. म्हणजे उडान देशात जन्मली तेव्हाच नांदेड पाळण्यापाशी होतं. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार भाडं, त्यावर नाही. ट्रूजेट कंपनीचं विमान हैदराबादला जाऊ लागलं, मग मुंबईलाही. वाशिमच्या काही हवाई चपला खरोखरच त्यात बसून आल्या. २०२२ मध्ये ट्रूजेटच जमिनीवर आलं. नांदेडचा सगळा थाट, २००८ च्या गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी वाढवलेली धावपट्टी, इमारत, सगळं जागच्या जागी, फक्त विमान नाही. मग २०२४ मध्ये स्टार एअर आली आणि दिल्लीकडचं हिंडन, आदमपूर, बंगळुरू अशी विमानं सुटू लागली. दोन वर्षं वाशिमचा जवळचा विमानतळ कोणता होता? प्रश्न सोडून द्या म्हणालो ना.

यात नांदेडचं काही विशेष वाईट झालं असं मानू नका. कॅगनं २०२३ मध्ये उडानचा हिशेब मांडला. वाटून दिलेले मार्ग ७७४. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांपैकी सवलतीची तीन वर्षं पुरी करणारे ११२. आणि अनुदान संपल्यावर स्वतःच्या पायांवर टिकलेले ५४. म्हणजे ज्यांची पत्रिका छापली, त्यांतली निम्म्याहून जास्त लग्नं लागलीच नाहीत. अनुदान येतं कुठून, तेही बघा. मोठ्या शहरांतून मोठ्या शहरांत उडणाऱ्या विमानांवर कर लावतात, त्यातून छोट्या मार्गांचा तोटा भरून काढतात, काही वाटा राज्य उचलतं. ही कल्पना वाईट नाही, माझ्या मते तर चांगलीच आहे. मुंबई-दिल्ली करणाऱ्यानं अमरावतीकराच्या तिकिटाला थोडा हातभार लावला तर काय बिघडलं? बिघडतं ते तीन वर्षांनी. तोवर उद्घाटन करणारे पुढल्या उद्घाटनाला गेलेले असतात.

आपल्याकडे विमानतळ कुठे व्हावा याचं एक शास्त्र आहे. अभियंत्यांना ते माहीत नाही, कार्यकर्त्यांना माहीत आहे. मुख्यमंत्री ज्या गावचा, त्या गावाजवळची धावपट्टी लांब होते. लातूर बघा, नांदेड बघा. लातूर आणि धाराशिव या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. विमान एकीकडून उडालं की चाकं आत घ्यायच्या आधी दुसरीकडे उतरायची तयारी. २००९ मध्ये नांदेड, लातूर, धाराशिव, बारामती आणि यवतमाळ हे पाच विमानतळ रिलायन्सच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देऊन टाकले. ९५ वर्षं! म्हणजे २१०४. यवतमाळकरांनी नातवाच्या नातवाला सांगून ठेवावं की एखादं विमान दिसलं तर कळव. कोकणात चिपी आणि मोपा हवेतून ४५ किलोमीटरच्या आसपास. चिपीचं उद्घाटन ऑक्टोबर २०२१ मध्ये, गोव्याच्या मोप्याचं डिसेंबर २०२२ मध्ये, आणि मुंबई-चिपी विमान २०२४ मध्ये बंद. दोन विमानतळ इतके शेजारी ठेवले की एकाच्या जेवणावर दुसऱ्याचा डोळा जाणारच.

पण हे मुख्यमंत्र्याचं शास्त्र आमच्याकडे येऊन फसतं. पुसद वाशिमच्या शेजारचं. वसंतराव नाईक पुसदचे. १९६३ ते १९७५ सलग मुख्यमंत्री, एवढा सलग काळ नंतर कुणाला मिळाला नाही. पुढे १९७७ मध्ये ते वाशिममधूनच लोकसभेवर गेले. त्यांचे पुतणे सुधाकरराव, तेही मुख्यमंत्री. पुसदला विमान राहू द्या, अजून रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर ती येणार आहे. आणि ज्या वाशिमनं नाईकांना दिल्लीला पाठवलं, तो लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नकाशावरून गेला, यवतमाळला जोडला. रेल्वे यायच्या आधी मतदारसंघच सुटला.

रेल्वेवरून आठवलं. मुंबई-जालना जनशताब्दी २०२४ मध्ये पुढे वाढवली, हिंगोलीपर्यंत. हिंगोली आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. त्याच रुळावर, त्याच मार्गावर, पुढचं मोठं स्टेशन वाशिम. इंजिनाला काय वाटलं कोण जाणे, तिथेच दम टाकला. रूळ टाकायचे नाहीत, जमीन घ्यायची नाही, गडी कामाला लावायचे नाहीत. तीच गाडी तासभर पुढे न्यायची. त्याला खर्च कमी येतो हीच बहुधा अडचण. खर्च नाही तर कोनशिला नाही, कोनशिला नाही तर नाव कुठे कोरायचं?

आणि कारंज्याची शकुंतला? मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ. विदेशी कंपनीच्या मालकीची अरुंद रुळांची गाडी, सायकलवाल्याशी शर्यत लावायची आणि बहुधा हरायची. ती बंद पडली, पण एका बाबतीत तिचं ऐकायला हवं होतं. ती गावात थांबायची. माणूस घरातून चालत निघून गाडीत बसायचा. आता कारंजाकराला शेजारून समृद्धी आहे, तासाभरावर बेलोरा आहे, आणि चालत जाऊन बसावं असं काही उरलं असेल तर ते एसटीचं स्टँड.

नीती आयोगानं २०१८ मध्ये आपल्या जिल्ह्याला आकांक्षित जिल्हा म्हटलं. राज्यातून चार निवडले, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम. म्हणजे आकांक्षा आहे असं सरकारला लेखी मान्य आहे. बरं, आकांक्षा तरी किती? वाशिमला विमानतळ द्या असं म्हणणारे निवेदनवीर आहेत. त्यांचे फोटोही छापून येतात, जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात कागद, मागे बारा माणसं, बाराही कॅमेऱ्याकडे बघताहेत. मला विचाराल तर पाचवी धावपट्टी नको. आहेत त्याच चार रिकाम्या पडल्या की पाखरं बसतात. बेलोऱ्याच्या विमानाच्या वेळेला धरून वाशिम, मंगरूळपीर, कारंजा करत जाणारी एक एसटी सोडा. नांदेडच्या विमानाला धरून हिंगोलीमार्गे दुसरी. लाल डब्याला विमानाचं कार्ड लावलं तर विमानाला प्रवासीही मिळतील, तीन वर्षांनंतर टिकायला तेवढाच आधार. पण विमानाचं खातं दिल्लीला, एसटीचं मुंबईला, आणि प्रवासी वाशिमला. या तिघांमधलं अंतर मोबाइलसुद्धा सांगत नाही.

राजशेखराच्या काव्यमीमांसेत एक कथा आहे. काव्यपुरुष देशभर हिंडतो, साहित्यविद्या त्याच्या मागे जाते, आणि शेवटी दोघांचं लग्न लागतं ते वत्सगुल्मात. म्हणजे आपल्या वाशिमात. वाकाटकांची राजधानी होती ती. हजार वर्षांपूर्वी लिहिलेली ही गोष्ट, त्यात देशाच्या चारी दिशा पायी फिरून नवरा-नवरी मुहूर्ताला वाशिमात हजर. आज पुण्यातला नवरा मुलगा वाशिमच्या मंगल कार्यालयात वेळेवर आला तर मामाच्या डोळ्यांत पाणी येतं.

कारण खरी गोष्ट पुण्याची आहे. वाशिमची पोरं मुंबईला थोडी, पुण्याला ढिगानं. हिंजवडी, चाकण, वाघोली, पेठांमधल्या अभ्यासिका. रिसोड, मालेगाव, कारंजा, कुठल्याही गावात घरटी एक पोरगा पुण्यात. बेलोऱ्याचं विमान सुरू झालं ते मुंबईला, नांदेडचं सुरू झालं ते दिल्ली-बंगळुरूला. पुण्याला रोज संध्याकाळी सुटते ती ट्रॅव्हल्स. ओळीनं उभ्या असतात, निळे-जांभळे दिवे, आत पडदे, टपावर गव्हाची पोती आणि पोरांच्या गाद्या. आमचा खरा प्रादेशिक विमानतळ हाच. आठवड्याचे सातही दिवस चालू, रात्री उड्डाण, धुक्यातही उड्डाण. अनुदान नाही, फवारा नाही.

भाड्याचीही मर्यादा आहे, विमानासारखीच. खासगी बसनं एसटीच्या दीडपटीहून जास्त घेऊ नये असं सरकारनं २०१८ मध्ये ठरवून दिलं. दिवाळी संपली की पहिल्या रविवारी पुण्याला परतायचं तिकीट काढायला जा. आकडा अडीच हजाराच्या घरात. उडान सुरू झाली तेव्हा तासाभराच्या विमानाला जेवढं भाडं ठरवून दिलं, तेवढ्यात बारा तासांची बस. एका पोरानं परवा बुकिंगवाल्याला हे तोंडावर ऐकवलं, "एवढ्यात तर इमानात बसलो असतो ना भाऊ."

बुकिंगवाल्यानं वहीतून डोकं वर काढलं नाही. "बस ना मंग. कोन्या वारचं हाय तुयं इमान?"